मिसळीच्या फोटोचा मालक कोण? एका कलमाचा दीडशेहून जास्त वर्षांचा प्रवास

मंडळी, आज एका कोटेशनपासून सुरुवात करू.

समजा, पुण्यातल्या एका मिसळीच्या हॉटेलला मेन्यूकार्डासाठी फोटो काढून हवे आहेत. मालकांनी दोन फोटोग्राफरांकडून कोटेशन मागवलं. (माणसं आणि आकडे माझ्या मनातले, फक्त उदाहरणापुरते.) पहिल्याच्या कोटेशनमध्ये एकच ओळ आहे: 'एक दिवस शूट, २० प्लेट, ४०,००० रुपये.' दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये चार ओळी आहेत. शूटची फी २०,०००. फूड स्टायलिस्ट आणि सामान १०,०००. एडिटिंग ५,०००. आणि चौथी ओळ: 'वापराचा परवाना, मेन्यूकार्ड आणि हॉटेलचं सोशल मीडिया, दोन वर्षं, ५,०००. होर्डिंग आणि पॅकिंगचे दर वेगळे.'

बेरीज दोन्हीकडे सारखीच. पण मालक दुसऱ्याला विचारतात, "अहो, मिसळ माझी, प्लेट माझी, पैसे माझे. मग फोटो तुमचा कसा?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आणि गंमत म्हणजे भारतीय कायद्याचं उत्तर बऱ्याच फोटोग्राफरांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे. फोटोग्राफर इंटरनेटवर अमेरिकन सल्ला वाचतात: फोटो काढला की हक्क तुमचा, ग्राहकाला फक्त वापर विका. आपल्याकडे मात्र दोघंही गप्प राहिले तर बहुतेक वेळा हक्क ग्राहकाचा होतो. हा फरक का पडला, हे शोधायला गेलं तर १८६२ पर्यंत मागे जावं लागतं. तो रस्ता आज एकत्र चालून बघू. कायद्याचं एक कलम इतिहासाचं साधन म्हणून कसं वाचायचं, याचाही सराव होईल.

आधी हे कळू द्या: विकलं काय जातं?

घर भाड्याने देणं आणि घराचं खरेदीखत करणं यातला फरक आपल्याला नीट कळतो. फोटोचंही तसंच आहे. फोटो 'दिला' म्हणजे काय दिलं? फाइल दिली, की तो छापायचा हक्क दिला, की सगळेच हक्क कायमचे दिले?

चौथ्या ओळीत चार प्रश्नांची उत्तरं असतात. फोटो कुठे वापरणार? किती काळ? किती भागात? आणि तो हक्क एकट्या तुम्हालाच, की फोटोग्राफर इतरांनाही देऊ शकतो? तीच प्लेट मेन्यूकार्डावर राहिली तर तिचं काम हॉटेलात येऊन बसलेल्या गिऱ्हाइकापुरतं. तीच मसाल्याच्या पाकिटावर देशभर गेली तर तिच्या जोरावर पाकिटं खपणार. म्हणून दर वापराप्रमाणे बदलतो.

फोटोचा वापर ही खरंच वेगळी गोष्ट आहे हे अमेरिकेतल्या एका प्रकरणात छान दिसतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिराती वादात सापडल्या. वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवलेल्या होत्या, त्यामुळे भाज्या वर येऊन सूप भरगच्च दिसत होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला आणि १९७० मध्ये असं पुन्हा करणार नाही या अटीवर प्रकरण मिटलं. वाडग्यात गोट्या घालणं हा काही गुन्हा नव्हे. त्या फोटोच्या जोरावर लोकांना सूप विकणं, म्हणजे फोटोचा वापर, हा आक्षेपाचा विषय होता.

आता मूळ प्रश्न. वापराचा हक्क मुळात कोणाकडे असतो?

१८६२: चेहऱ्यासाठी केलेला नियम

ब्रिटनमध्ये फोटोला कॉपीराइट मिळाला तो १८६२ च्या ललित कला कॉपीराइट कायद्याने. चित्रं, रेखाटनं आणि फोटो या तिन्हींना तो लागू होता. त्यात एक अट होती. कोणी मोबदला देऊन काम करून घेतलं असेल, तर कलाकाराकडे कॉपीराइट राहत नाही. राहायला हवा असेल तर तसं लेखी ठरलेलं असलं पाहिजे आणि त्यावर काम करून घेणाऱ्याची सही पाहिजे.

आजच्या डोळ्यांनी हे कलाकारावर अन्याय करणारं वाटेल. पण इथेच थांबून विचारा: त्या काळात पैसे देऊन फोटो कोण काढून घेत होतं, आणि कशाचे? फोटोचा मोठा धंदा होता तो स्टुडिओतल्या पोर्ट्रेटचा. लोक नटूनथटून स्टुडिओत जायचे, स्वतःचे आणि घरच्यांचे फोटो काढून घ्यायचे. निगेटिव्ह मात्र स्टुडिओतच राहायची. त्या निगेटिव्हवरून फोटोग्राफरने आणखी प्रती काढून दुकानात टांगल्या तर?

असं खरंच झालं. १८८८ चा 'पोलार्ड विरुद्ध फोटोग्राफिक कंपनी' हा इंग्लंडमधला खटला बघा. एका बाईंनी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला. फोटोग्राफरने त्याच निगेटिव्हवरून नाताळचं कार्ड बनवलं आणि विक्रीला ठेवलं. कोर्टाने मनाई केली. कारण दिलं ते कराराचं आणि विश्वासाचं: फोटो त्या बाईंसाठी काढायचा ठरला होता, दुकानासाठी नाही.

म्हणजे 'पैसे देणारा तो मालक' या नियमामागे, माझ्या वाचनानुसार, एक समंजस हेतू सापडतो. ज्याचा चेहरा, त्याच्या ताब्यात फोटो. गिऱ्हाईक आणि चेहरा बहुतेक वेळा एकच होते, म्हणून मालकी गिऱ्हाइकाला दिली की चेहऱ्याचंही रक्षण व्हायचं. मालकी आणि खासगीपणा असे दोन प्रश्न एकाच नियमात सुटून गेले.

१९११, १९१४, १९५७: नियम भारतात येतो

१९११ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याने जुने अनेक कायदे एकत्र केले, पण ही तरतूद ठेवली. ऑर्डर देऊन, मोबदला देऊन फोटो काढला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक ऑर्डर देणारा. याच कायद्यात आणखी एक विलक्षण गोष्ट होती: फोटोचा कर्ता म्हणजे निगेटिव्ह तयार झाली तेव्हा जो तिचा मालक होता तो! कॅमेऱ्यामागे कोण होतं हा प्रश्नच नाही. हा कायदा काही फेरफार करून १९१४ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याने आपल्याकडे लागू झाला.

खाण्याच्या फोटोंचा मोठा बाजार यानंतरचा आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात 'मॅकॉल्स'सारखी महिलांची मासिकं रंगीत फोटो छापू लागली, निकोलस म्युरे यांच्यासारखे फोटोग्राफर जेवणाच्या टेबलांचे रंगीत फोटो काढू लागले. म्हणजे वाडगा कॅमेऱ्यासमोर थाटात येऊन बसला तेव्हा चेहऱ्यासाठीचा नियम आधीच तयार होता. तोच त्याला लागला.

स्वातंत्र्यानंतर आपण स्वतःचा कायदा केला. कॉपीराइट कायदा १९५७ चा, अंमल २१ जानेवारी १९५८ पासून. त्यात फोटोचा कर्ता बदलला: कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. निगेटिव्हचा मालक गेला, कॅमेऱ्यामागचा माणूस आला. पण मालकीचं कलम १७(ब) जुन्याच वळणाचं राहिलं. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर विरुद्ध करार नसल्यास सांगणारी व्यक्तीच पहिली मालक. वर्षभर आधी, १९५६ मध्ये, ब्रिटनने केलेल्या नव्या कायद्यातही ऑर्डरच्या फोटोंपुरता हाच नियम होता, त्यामुळे आपण काही जगावेगळं केलं असं नव्हे.

'कर्ता' आणि 'मालक' हे दोन शब्द वहीत वेगवेगळे लिहून ठेवा. ऑर्डरच्या फोटोत फोटोग्राफर कर्ता असतो, मालक असेलच असं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर यातून एक विचित्र चित्र तयार झालं आहे. आधी फोटोचा कॉपीराइट प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजला जायचा. आता तो कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं. म्हणजे मिसळीच्या फोटोची मालकी हॉटेलकडे, पण ती कधी संपणार हे फोटोग्राफर किती जगतो त्यावर ठरणार.

दोन देशांनी गाठ सोडली

अमेरिकेतही जुन्या कायद्याखाली कोर्टं साधारणपणे असंच मानायची की ऑर्डर देणाऱ्यालाच हक्क मिळाला. तिथल्या मासिकांच्या फोटोग्राफरांनी १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संघटना उभी केली. दिवसाची फी आणि छापलेल्या जागेचा दर, यातली जी रक्कम मोठी ती फोटोग्राफरला, अशी पद्धत मासिकांच्या धंद्यात होती. यात दिवसाची मजुरी आणि वापराचा मोबदला हे दोन वेगळे हिशोब आहेत, हे लक्षात घ्या. आपल्या पुण्याच्या कोटेशनमधल्या चौथ्या ओळीची ही जुनी बहीण.

मग १९७६ चा अमेरिकन कायदा आला, १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. त्याने बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेलं काम ऑर्डर देणाऱ्याचं कधी मानायचं याची मोजकी यादी केली, आणि त्यासाठीही लेखी सही आवश्यक केली. नाहीतर मालक कर्ताच. १९८९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने रीड नावाच्या शिल्पकाराच्या खटल्यात स्पष्ट केलं की स्वतंत्रपणे काम करणारा कलाकार म्हणजे नोकर नव्हे. इंटरनेटवरचा अमेरिकन सल्ला या पायावर उभा आहे.

ब्रिटनने केलेला बदल मला जास्त बोलका वाटतो. १९८८ च्या कायद्याने (अंमल १ ऑगस्ट १९८९ पासून) ऑर्डरच्या फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरला दिला. पण त्याच कायद्यात कलम ८५ ठेवलं: खासगी किंवा घरगुती कारणासाठी काढून घेतलेला फोटो कॉपीराइटच्या कक्षेत येत असेल, तर तो लोकांमध्ये वाटू नये, प्रदर्शनात मांडू नये, असा हक्क ऑर्डर देणाऱ्याला. १८६२ पासून एकाच गाठीत बांधलेले दोन प्रश्न इथे सुटे झाले. चेहऱ्याचं रक्षण एकीकडे, कॉपीराइट दुसरीकडे.

भारतात गाठ तशीच आहे. म्हणून लग्नाच्या फोटोला लावायचा नियम आपण मिसळीच्या फोटोलाही लावतो. मिसळीला खासगीपणा नसतो. तर्रीचा फोटो उघड्यावर आला म्हणून कोणाची अब्रू जात नाही. नियमामागचं मूळ कारण इथे उरतच नाही, पण नियम मात्र पूर्ण जोराने लागू होतो.

मग यात कोणाचं काय जातं?

इथे थोडं सावकाश वाचा, कारण खरी अडचण या टप्प्यावर आहे.

आपल्या कायद्यात कर्त्याच्या बाजूची काही चांगली कलमं आहेत. हक्क दुसऱ्याला लिहून दिले पण मुदत लिहिली नाही, तर कलम १९ म्हणतं मुदत पाच वर्षं धरा. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरा. हक्क लिहून देताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्यावर ते हस्तांतर लागू होत नाही, तसा स्पष्ट उल्लेख असेल तरच होतं. ही तरतूद २०१२ मध्ये कलम १८ मध्ये आली. वाचताना वाटतं, वा! मेन्यूकार्डासाठी काढलेला फोटो उद्या कुठल्या नव्याच माध्यमात गेला तर फोटोग्राफरला विचारावं लागेल.

पण ही कलमं चालतात ती हक्क फोटोग्राफरकडून दुसऱ्याकडे गेला असेल तेव्हा. १७(ब) लागू झालं तर हक्क कुठून कुठे जातच नाही. तो पहिल्या क्षणापासून हॉटेलचाच असतो. हस्तांतर नाही, म्हणून पाच वर्षं नाहीत, प्रदेशाची मर्यादा नाही, नव्या माध्यमाचा प्रश्नही नाही. दार आहे, पण फोटोग्राफर त्या वाड्यात शिरलेलाच नाही.

पहिल्या फोटोग्राफरचं एका ओळीचं कोटेशन आता पुन्हा वाचा. ४०,००० रुपयांत त्याने मेन्यूकार्डाचे फोटो विकले असं त्याला वाटतं. कायद्याच्या नजरेने त्याने तेवढ्यात मेन्यूकार्ड, होर्डिंग, पॅकिंग, सगळं कायमचं दिलं. दुसऱ्याने मात्र चौथी ओळ लिहिली आणि मालकांनी मान्य केली, तर तो 'विरुद्ध करार' झाला असं म्हणायला आधार मिळतो. कलम १७(ब) या कराराचं रूप सांगत नाही, पण वाद झाला तर तोंडी बोलणं सिद्ध कसं करणार? म्हणून शहाणा फोटोग्राफर शूटच्या आधी दोन वाक्यं कागदावर घेतो: कॉपीराइट माझा राहील, आणि तुम्हाला अमुक वापराचा परवाना आहे. फक्त परवान्याचा उल्लेख करून पहिलं वाक्य गाळलं, तर भांडायला जागा उरते.

आणखी एक बारकावा. १७(ब) ला दोन गोष्टी लागतात: कोणाचं तरी सांगणं आणि मोबदला. फोटोग्राफरने स्वतःच्या मनाने मिसळीचा फोटो काढला आणि नंतर हॉटेलने तो घेतला, तर पहिला मालक फोटोग्राफरच, आणि हक्क द्यायचे तर लेखी हस्तांतर लागतं. ऑर्डर आधी की फोटो आधी, एवढ्यावर मालकी फिरते. मोबदला म्हणजे रोख पैसेच असंही नाही; 'या, फोटो काढा, जेवून जा' यातलं जेवणही मोबदला ठरू शकतं.

हॉटेलवाल्यांची बाजू

हॉटेलमालकांचं म्हणणं सोडून देऊ नका. ते म्हणतील, "सुताराकडून टेबल करून घेतलं, तर दर वर्षी टेबलाचं भाडं देतो का मी?" छोट्या धंद्याला हे तिखट लागतंच. दोन वर्षांनी कोणी बिल घेऊन दारात उभं राहणार असेल, तर त्यांनी आधीच सगळे हक्क मागणं साहजिक आहे. आणि कायदा त्यांना ते मागू देतो, अमेरिकेतही, ब्रिटनमध्येही. तिथे फक्त त्यांनी तोंड उघडून मागावं लागतं, आणि मागितलं की समोरचा किंमत सांगतो.

तीन देशांतला फरक माझ्या मते इथे आहे. लेखी ठरवायचं म्हटलं तर कुठेही काहीही ठरवता येतं. प्रश्न आहे गप्प राहिल्यावर कोणाचं नुकसान होतं. आपल्याकडे गप्प राहिलेला फोटोग्राफर हरतो, तिथे गप्प राहिलेला ग्राहक. आणि सौद्यात सहसा गप्प कोण राहतं? ज्याला काम हातचं जाण्याची भीती असते तो.

वापराचा दर मागणं बाजारानेही अवघड केलं, हेही नोंदवायला हवं. २००० मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत आयस्टॉकफोटो सुरू झालं आणि थोडक्या पैशात फोटो मिळू लागले, तेही दर वापराला वेगळा हिशोब न करता. २००६ मध्ये गेटी इमेजेसने ते ५ कोटी डॉलरना विकत घेतलं. 'एकदा पैसे द्या, हवं तसं वापरा' ही सवय ग्राहकाला लागली. म्हणून चौथ्या ओळीवरून घासाघीस झाली तर सगळा दोष १७(ब) वर टाकू नका. एका परिणामाला एकच कारण शोधणं ही संशोधनातली नेहमीची पळवाट आहे.

तुमच्या कामासाठी

उद्या तुमच्या हाती १९५५ सालच्या एखाद्या मुंबईच्या जाहिरातीतला पुरणपोळीचा फोटो आला, तर हे प्रश्न या क्रमाने विचारा.

पहिला: फोटो कधी काढला? १९५५ चा असेल तर आजचं कलम उघडून बसू नका, तेव्हा १९१४ चा कायदा चालू होता आणि कर्ता ठरायचा निगेटिव्हच्या मालकीवरून.

दुसरा: काढणारा पगारी होता की बाहेरचा? पगारी नोकराचे नियम वेगळे आहेत. एजन्सीच्या हजेरीपटावर नाव असेल तर गोष्टच बदलते.

तिसरा: सांगितलं कोणी आणि पैसे दिले कोणी? हॉटेल किंवा कंपनी, जाहिरात एजन्सी आणि फोटोग्राफर असे तिघं असतात तेव्हा फोटोग्राफरला ऑर्डर कोणाकडून गेली हे कागदावरूनच कळतं.

चौथा: कागद कशाबद्दल गप्प आहे? आपण लिहिलेलं वाचायला शिकतो. पण जिथे न लिहिल्यावर कायदा आपोआप एका बाजूला झुकतो, तिथे कोरी जागाही पुरावा असते. बिलात वापराची ओळ नसणं म्हणजे माहिती नसणं असं समजू नका. त्या रिकाम्या जागेने मालकी ठरवलेली असते.

जुन्या स्टुडिओंची बिलबुकं, एजन्सीच्या फायली, मेन्यूकार्डांचे गठ्ठे रद्दीत जाताना आपण कायम बघतो. फोटो सुंदर असेल तर कोणीतरी जपतं, पण त्याच्या मागचं बिल कोणी जपत नाही. घरात, ओळखीत कोणाचा स्टुडिओ असेल, तर फोटोंच्या आधी बिलबुक मागा. प्रत्येक बिलाखाली चौथी ओळ आहे की नाही बघा, आणि ती कोणत्या वर्षापासून दिसू लागते याची नोंद करा. पहिल्या टिपणाला एवढं पुरेसं आहे.